मुद्दाम केलेल्याला दाद नाही

आमचे घरमालक कुणाला 'छान' म्हणत नसत. इथे परदेशात, पासिर रिस भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्याच रविवारी छाप पाडावी म्हणून सगळ्यांसाठी पोहे केले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, काही म्हणून कमी ठेवलं नाही. काकूंनी दोनदा घेतले. काकांनी बशी संपवली, चमचा आडवा ठेवला आणि म्हणाले, "शिजलेत."

त्या एका शब्दावर मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी काकूंनी समजूत काढली. "अगं, 'शिजलेत' म्हणजे पुष्कळ झालं. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या आईच्या स्वयंपाकाला नुसतं 'हं' म्हणाले होते. आई जाईपर्यंत ते 'हं' विसरली नाही."

त्यांना काका म्हटलेलंही आवडत नसे. "मी तुझ्या वडिलांचा भाऊ नाही," असं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात स्वच्छ सांगितलं. मग काय म्हणू, असं विचारलं तर म्हणाले, "काही म्हणू नकोस. समोर येऊन बोलायला लाग." मी काका म्हणत राहिले आणि ते ओ देत राहिले.

माणूस खडूस नव्हता, हे कळायला मला वेळ लागला. तो दाद देण्याच्या बाबतीत कंजूष होता, एवढंच. बाकी सढळ. मला ताप आला तर पेज करून खोलीच्या दाराशी ठेवणारा, तांजोंग पगारच्या ऑफिसातून मला उशीर झाला की खाली बस स्टॉपवर उगाच 'पाय मोकळे करायला' आलेला. पण तोंडातून 'वा' काढायचं म्हणजे त्यांच्या लेखी गंभीर मामला होता. काकू म्हणायच्या, "एवढ्या संसारात मला दोनदा मिळाली. एकदा उकडीच्या मोदकांना आणि एकदा मी यांच्या बहिणीला फोनवर सुनावलं तेव्हा."

ही खोड मिरजेची. काकांचे वडील गाण्याचे वेडे. लहानपणी काकांना ते प्रत्येक बैठकीला घेऊन जात आणि पुढच्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसवत. मुलाने चुकीच्या जागी मान हलवली की वडील त्याच्या मांडीला चिमटा काढत. काका सांगायचे, "समोरच्याने जीव काढून एखादी जागा घेतलेली असते. तिथे गप्प बसलास तर तू दगड. आणि जागा नसताना वा म्हणालास तर तू चोर." चोर कसा, हे मला कधी नीट कळलं नाही, पण ते इतक्या ठामपणे म्हणत की विचारायची सोय नव्हती.

हा माणूस नव्वदच्या दशकात इथल्या जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला. इथे तशा बैठका कुठल्या? मंडळाचा गणपती, त्यात मुलांचे नाच, लाऊडस्पीकर. काका दोन-तीन वर्षं गेले आणि मग वर्गणी देऊन घरी बसू लागले. अशात एका रविवारी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्यांना पूर्वेकडच्या एका शॉपहाऊसमधल्या, म्हणजे खाली दुकान वर घर अशा जुन्या इमारतीतल्या, पबमध्ये ओढून नेलं. काकांनी दारूला कधी हात लावला नाही. लाइम ज्यूस मागवून ते कोपऱ्यात बसले आणि समोर तो गायक गायला लागला.

गायक इथलाच, चिनी माणूस. किडकिडीत, पाठीवर केसांची पांढरी शेपटी, डोक्यावर काऊबॉय हॅट. आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि रविवारी दुपारी गिटार घेऊन कंट्री-रॉक गायचा. तरुणपणी अमेरिकन सैनिक सुट्टीवर इथे यायचे, त्यांच्याकडून तो ते गाणं शिकला होता. न पाहिलेल्या माळरानांची, न चालवलेल्या ट्रकांची गाणी. ऐकणारे सगळे साठीच्या आसपासचे, आणि गाण्याबरोबर ओळीत नाचणाऱ्या बायका. त्या बायकांची पुढारी म्हणजे गायकाची बायको. गुडघ्यापर्यंत पांढरे बूट घातलेली, ठेंगणी, कुणालाही न भिणारी.

त्या पहिल्या दिवशीची गोष्ट मी काकांकडून, काकूंकडून आणि पांढऱ्या बुटांकडूनही ऐकली आहे, आणि तिघांचीही जुळते. एका संथ गाण्यात गायकाने सूर लांबवला, खाली येता येता मधेच थबकला आणि मग शब्दावर आला. काकांच्या पोटातून "वा!" आलं. उजवा हात गुडघ्यावरून उठला, तळवा वर. पाठोपाठ "क्या बात है!"

पबमध्ये गाणं चालू असताना असं कुणी ओरडत नाही. टाळ्या, शिट्ट्या, सगळं गाणं संपल्यावर. ड्रमवाल्याचा हात चुकला, नाचणाऱ्या बायका एकमेकींवर आपटल्या. पांढरे बूट ताडताड टेबलाशी आले. "अंकल, यू ड्रंक इज इट?"

काकांनी ग्लास पुढे केला. तिने हुंगून पाहिला.

गायकाने माइकवरून विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे तुमचा?"

काका उभे राहिले आणि आपल्या कारखानी इंग्रजीत त्यांनी समजावून सांगितलं, की प्रॉब्लेम काही नाही, पण खाली उतरताना तुम्ही जे थांबलात ते मला आवडलं. न थांबता शब्दावर आला असता तर ते साधं गाणं झालं असतं.

गायकाने हॅट मागे सरकवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं गातोय. ही जागा आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. रिकामी बस परत नेताना मी हीच घोटतो." आणि त्याने पाहुण्याच्या मानासाठी तीच ओळ पुन्हा, तशीच थांबून, म्हटली. सगळे काकांकडे बघू लागले. काका ढिम्म.

"नाऊ नो वा?" गायकाने विचारलं.

"आता तुम्ही माझ्यासाठी केलंत. मुद्दाम केलेल्याला दाद नाही."

दुसरा कुणी असता तर त्याने काकांना बाहेर काढलं असतं. याने गिटारचा पट्टा घट्ट केला आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायला सांगितलं.

तेव्हापासून त्या दोघांचं जे चालू झालं त्याला मैत्री म्हणावं की कुस्ती, देव जाणे. दर रविवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून निघत. शर्टाच्या खिशात खडीसाखर आणि लवंगांची डबी, गायकाच्या घशासाठी. पुढचं टेबल त्यांचं. तिथे पोचल्यावर ते बूट काढून टेबलाखाली जोडीने लावत आणि मोज्यांवर बसत, कारण पायात चपला-बूट ठेवून गाणं ऐकायचं नसतं. गाणं चालू असताना वेटर ऑर्डर घ्यायला आला तर त्याच्याकडे असं बघत की तो बिचारा आल्या पावली परत जाई. टाळ्या वाजवत नसत. "टाळ्या म्हणजे जेवण झाल्यावर हात धुणं," म्हणायचे. "जेवताना काय वाटलं ते सांगा की."

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ती निव्वळ कुतूहलापोटी. मला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गायक त्या इस्त्रीच्या शर्टासाठी गातोय हे पहिल्याच दिवशी कळलं. तो कधी नवीन हरकत घेई, कधी ओळ अर्धी सोडून देई आणि तिरक्या डोळ्याने पुढच्या टेबलाकडे बघे. काका मांडीवर ताल धरून बसलेले. एखाद्या रविवारी वा येई, कित्येक रविवार कोरडे जात. वा आलं की गायक हॅट काढून स्वतःच्याच मांडीवर आपटे, आणि त्या दिवशी सगळ्या पबला गाणं जास्त गोड लागे. बाकीच्या चाहत्यांनाही हळूहळू चस्का लागला. आधी ते काकांवर वैतागले होते, नंतर काका बोलायच्या आधी आपल्याला जागा ओळखता येते का याची त्यांच्यात चढाओढ सुरू झाली. नाचणाऱ्या बायका तर कुठेही 'वा' करू लागल्या. इथे तसंही मासळीचा भाव ऐकला तरी लोक आश्चर्याने 'वा' म्हणतात. काकांना ते मुळीच पटत नसे.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, त्यांची एक जुनी कॅसेट आहे म्हणे. मिळवू का?"

"कशाला? कॅसेटमधल्या माणसाला माझी दाद ऐकू येणार आहे का?"

"पण तुम्हाला ऐकता येईल ना गाणं."

"एकट्याने?" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मग एका वर्षी गायकाच्या घशाने दगा दिला. ऑपरेशन झालं आणि रविवार बंद पडले. काका रविवारी दुपारी शर्टाला इस्त्री करत आणि मग बाल्कनीत झाडांना पाणी घालत बसत. काकू म्हणायच्या, "बुडवाल ती तुळस."

काही महिन्यांनी, एका संध्याकाळी पांढरे बूट आमच्या दाराशी आले, म्हणजे बूट नव्हतेच. साध्या रबरी चपला घातलेली, संत्र्यांची पिशवी हातात घेतलेली एक थकलेली बाई. तिला तशी पाहून मला आधी ओळखताच आलं नाही. काकूंनी चहा केला. ती सोफ्याच्या कडेवर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"या रविवारी तो गाणार आहे. मला म्हणाला, तुम्ही वा म्हणालात तर पुढेही गाईन. नाही म्हणालात तर गिटार विकून टाकीन." तिने कप खाली ठेवला. "अंकल, त्याचा आवाज गेलाय. मला माहीत आहे. पण गाणं सुटलं तर तो नुसता बसून राहील. भिंतीकडे बघत बसतो आत्ताच. यू जस्ट से लाह. वन टाइम. एनी साँग."

काकांनी संत्र्यांच्या पिशवीकडे पाहिलं. "मॅडम, मी येईन. ऐकेन. पण वा आधीच कबूल कसं करू?"

ती गेल्यावर काकूंनी त्यांना फैलावर घेतलं. मी खोलीत होते, पण आमच्या फ्लॅटच्या भिंती काही वाड्याच्या नव्हेत. "एका शब्दाचा प्रश्न आहे. तोंड झिजणार आहे का तुमचं?"

"झिजतं."

"तो माणूस मरणाच्या दारातून आलाय हो."

"म्हणूनच तर मला विचारतोय. त्याला गोड बोलणारे काय कमी आहेत? तू त्याला खोटं सांग, ती सांगेल, डॉक्टर सांगेल. तो मला बोलावतोय ते कशाला?"

यावर काकूंनी भांडी आपटली.

त्या रविवारी पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही तिघं पुढे बसलो. काकूंनीही काकांबरोबर चपला काढल्या. गायक आला तो हॅटखाली हरवल्यासारखा दिसत होता. पहिलं गाणं त्याने नेहमीच्या पट्टीत उचललं आणि वरच्या सुराला आवाज फाटला. लोकांनी प्राण पणाला लावून टाळ्या वाजवल्या. तो काकांकडे बघत होता. काकांचा हात मांडीवर, ताल चालू, चेहरा कोरा. दुसरं गाणं, तिसरं गाणं. प्रत्येकात तो जुन्या जागा घ्यायला जाई, आणि जिथे पूर्वी थबकायचा तिथे आता खोकायचा. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. पांढरे बूट स्टेजच्या कडेला उभे राहून काकांना डोळ्यांनी विनवत होते. काकूंनी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय मारला. मीसुद्धा मनातल्या मनात, म्हणा हो, म्हणून टाका, असा जप लावला होता. आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्या माणसाचा राग आला. कसलं एवढं तत्त्व?

चौथं गाणं संपलं तेव्हा गायकाने काकांकडे बघणं सोडून दिलं. खुर्ची ओढून बसला. पुढचं गाणं त्याने फार खालून सुरू केलं, जवळजवळ बोलल्यासारखं. वरच्या जागेशी आला, पण वर गेलाच नाही. सूर तिथे नुसता ठेवला आणि गिटारच्या तारेवर बोट थांबवून, मान खाली घालून, शब्द सोडून दिला.

"वा."

मोठ्याने नव्हतं. पण सगळ्यांनी ऐकलं. हात मांडीवरून उठलेला होता.

पबमध्ये जो काही कल्लोळ झाला तो सांगत नाही. पांढरे बूट काकूंच्या गळ्यात पडून रडले. गायक हसला, ते गाणं पुरं केलं, हॅट काढली, गिटार पेटीत ठेवली.

त्यानंतर तो गायला नाही.

पुढच्या रविवारी काका इस्त्री करून गेले तर पुढच्या टेबलाशी पबच्या मालकाने सांगितलं, त्याने निरोप पाठवलाय, आता पुरे. काका घरी आले आणि त्यांना काही सुचेना. दाद दिली तर गाणार होता. दिली. मग थांबला का? जेवताना मधेच घास थांबवून म्हणाले, "त्याला खोटी वाटली की काय?"

काकू म्हणाल्या, "होती का खोटी?"

या माणसाने उभ्या जन्मात अशा प्रश्नाला उत्तर द्यायला क्षणभरही विचार केला नसेल. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "कळत नाही गं. गाणं ऐकून गेली की त्याचं तोंड बघून गेली, तेच कळत नाही."

मी त्या दुपारचं थोडं फोनवर घेतलं होतं. म्हटलं, ऐका आणि ठरवा. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "दाद मागाहून तपासता येत नाही."

पुढचे महिने ते गायकाच्या घरी गेले नाहीत. काकूंनी कितीदा सांगितलं. काय तोंडाने जाऊ, म्हणायचे. विचारलं त्याने, तर काय सांगू? काकू परस्पर खडीसाखर पाठवत राहिल्या. आणि एका सकाळी पबच्या मालकाचा फोन आला की गायक गेला.

काका तेव्हाही यायला तयार नव्हते. काकूंनी इस्त्री केलेला शर्ट त्यांच्यापुढे धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी हात बाहीत घातला.

गायकाचा ब्लॉक, म्हणजे राहती इमारत, यिशुन भागात. इथल्या पद्धतीप्रमाणे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मांडव, गोल टेबलं, त्यांवर भुईमूग आणि सरबताची पाकिटं, आणि मधे शवपेटी, वरच्या भागाला काच. पबमधली सगळी मंडळी आली होती. नाचणाऱ्या बायका साध्या पांढऱ्या कपड्यांत एका टेबलाशी बसल्या होत्या. बँडमधल्या पोरांनी हॅट काढून मांडीवर ठेवल्या होत्या. काकांनी मांडवाच्या कडेशी बूट काढले. तिथे कुणीच काढत नाही.

गायकाची बायको आमच्याकडे आली. काकूंचा हात तिने हातात धरला आणि काकांना म्हणाली, "त्या दिवशी घरी आला ना, तर बूट काढता काढता मला विचारलं, तू त्यांच्या घरी जाऊन सांगितलंस ना? मी म्हटलं, नाही. त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही आणि आज बोलला. म्हणजे आता थांबायला पाहिजे. ओके, इनफ ऑलरेडी." ती जरा हसली. "राग नव्हता हां. त्या रात्री शांत झोपला. अंकल, थँक यू. माझ्यासाठी खोटं बोललात."

काकांचा चेहरा मी बघत होते. तो आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू लाल झाला.

"नो," ते म्हणाले. "दॅट वॉज नॉट लाय."

"ही से लाय."

"ही इज राँग, मॅडम."

आणि ते तिला तिथेच सोडून मोज्यांनिशी शवपेटीकडे गेले. काचेवर दोन्ही हात टेकले. इतकी वर्षं त्या दोघांचं इंग्रजीत यू-यू चाललं होतं, मराठीत ते एकदम अरे-तुरेवर आले. "अरे, खोटीच द्यायची असती तर पहिल्या गाण्याला नसती का दिली? घाम फुटला होता तुला. ही इकडून लाथा मारत होती, ती तिकडून विनवत होती. तेव्हा दिली का मी? नाही दिली. बसून राहिलो. मग त्या एकाच जागेला का देईन? एवढं तरी ध्यानात यायला नको तुला?" शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मांडवातली सगळी टेबलं थांबली होती.

काकूंनी पदराने डोळे पुसले. गायकाच्या बायकोने माझी बाही ओढली. "व्हॉट ही सेइंग?"

मी तिला एकेक वाक्य सांगितलं. ती ऐकत गेली. पहिल्या गाण्याचं ऐकून तिने मान हलवली, दुसऱ्या-तिसऱ्याचं आठवून पाहिलं, आणि मग एकदम तोंडावर हात ठेवला. काकांच्या शेजारी जाऊन ती काचेवर वाकली आणि आपल्या घरच्या भाषेत नवऱ्याला सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती.